बीथोवनच्या सोबतीने तामाकी

पॉप गायकामागे सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसवला की पुष्कळदा नुसता भपका होतो. व्हायोलिनं सूर धरून बसतात आणि गाणं होतं तिथेच राहतं. जपानी गायक तामाकी कोजी यांच्या ऑर्केस्ट्राबरोबरच्या मैफली म्हणूनच मला मोलाच्या वाटतात. होक्काइदोतल्या आसाहिकावात 1958 साली जन्मलेले तामाकी ‘आन्झेन चिताई’ या रॉक बँडमधून पुढे आले आणि 2015 पासून जपानमधल्या वेगवेगळ्या ऑर्केस्ट्रांबरोबर गात आहेत.

त्यांचं 1996 सालचं ‘देन-एन’ हे गाणं या मैफलींत ऐकावं. वादक सुरुवात करतात ती बीथोवनच्या सहाव्या, ‘पास्टोरल’ सिम्फनीने, आणि तिच्यातूनच गाण्याची चाल वर येते. बँडमध्ये ड्रमचा ठेका गायकाला बांधून ठेवतो. इथे तामाकी एखादा शब्द लांबवतात, आवाज कुजबुजीइतका खाली आणतात आणि कंडक्टरची छडी त्यांच्या श्वासासाठी थांबते. कधी तर माइक बाजूला ठेवून ते खुल्या आवाजात गातात. साठी उलटल्यावर असं गाणं ही मोठी कमाई आहे!

अशाच संगीतासाठी या अंकातला संगीत विभाग आम्ही हट्टाने वाढवला आहे. तो वाचण्याआधी ‘देन-एन’ एकदा ऐका, शक्यतो चांगल्या हेडफोनवर.