खून कोणी केला, एवढंच विचारणारे

भंडाऱ्यात मित्राच्या खोलीवर आम्ही चौघांनी एक एस्टोनियन पिक्चर पाहिला. ‘मृत गिर्यारोहकाचं हॉटेल’, १९७९ चा. दिग्दर्शक ग्रिगोरी क्रोमानोव्ह. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. पटकथा स्त्रुगात्स्की बंधूंची, त्यांच्याच कादंबरीवरून. पिक्चर संपला न संपला तोच आमचा एक जाणकार सुरू झाला. बर्फ काय, प्रकाश काय, ग्रुनबर्गचं सिंथेसायझरवरचं संगीत काय! ‘रहस्यपटाचा साचाच मोडला, बापा!’

मोडला, कबूल. पण काहून मोडला, ते बोल ना बे.

इन्स्पेक्टर ग्लेब्स्की डोंगरातल्या हॉटेलात येतो. हिमकडा कोसळतो, रस्ता बंद. एका पाहुण्याचं मान पिरगळलेलं प्रेत सापडतं. इथवर सगळं स्टेशनवरच्या पॉकेटबुकासारखं. आता हा एकेकाला उलटतपासणार, शेवटी बोट रोखणार, आपण चहा प्यायला मोकळे. तिथंच पिक्चर दगा देतो. मेलेला माणूस नव्हताच, यंत्र होतं. परग्रहावरून आलेले हे पाहुणे गुंडांच्या टोळीच्या नादी लागून फसलेले. त्यांना परत जायचंय. ज्या पेटीवर त्यांचा जीव, ती इन्स्पेक्टरच्या हाती. ते विनवतात. हा कायदा सांगतो. मग बर्फातून पळणाऱ्यांवर हेलिकॉप्टरमधून गोळ्या.

जाणकार म्हणाला, ‘त्याचं काय चुकलं? त्यांनी टोळीला मदत केली होती. कायदा म्हणजे कायदा.’

अरे, कायदा आम्हालाही पाहिजे! आमच्याएवढा कोणाला पाहिजे? २००६ च्या २९ सप्टेंबरला याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लावा म्हणून रस्त्यावर कोण आलं? २००८ मध्ये इथल्याच कोर्टात आठजण दोषी ठरले. सहाजणांना फाशी, दोघांना जन्मठेप. अ‍ॅट्रॉसिटी मात्र टिकली नाही. २०१० मध्ये हायकोर्टानं फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची शिक्षा दिली आणि खून सूडातून झाले असं मानलं. जात कारण ठरली नाही. कोणी मारलं, याचं उत्तर कागदावर आलं. काहून मारलं, याचं आलं नाही.

रहस्यकथेची खोड हीच. खुनी सापडला की पुस्तक मिटतं. गाव उरतं, विहीर उरते, शेताचा बांध उरतो, ते कोणी वाचत नाही.

क्रोमानोव्हनं हे पुस्तक मिटू दिलं नाही, म्हणून मला तो आपला वाटला. ग्लेब्स्की दुष्ट नाही, लाच खात नाही, हात उगारत नाही. वाईट माणूस असता तर आपण शिव्या देऊन सुटलो असतो. समोरचा कोण, हे ठरवायची पाळी येते तेव्हा तो नियमाच्या वहीमागं लपतो. आणि शेवटी आपण बरोबरच वागलो असं स्वतःलाच समजावत बसतो.

माझं एक भांडण आहे. गोष्ट सगळी इन्स्पेक्टरच्या तोंडून. पाहुण्यांना बोलायला मिळतं ते पेटी मागण्यापुरतं. हात जोडलेले पाहुणे मला बघवत नाहीत.

‘मंग तू पेटी देली असतीस?’ जाणकारानं विचारलं. देली असती, म्हणालो. तो म्हणाला, आधी विचार कर. रात्री दोन वाजेपर्यंत भांडलो. येत्या रविवारी पुन्हा पाहतोय, पोलीसभरतीची तयारी करणाऱ्या दोघा पोरांना घेऊन.