जागल्या की घरभेदी?

शासनाच्या पोटातील गुपित चव्हाट्यावर आणणारा सेवक वीर मानावा की देशद्रोही, या प्रश्नावर अमेरिकेत पन्नासहून अधिक वर्षे वाद चालू आहे. १९७१ साली डॅनियल एल्सबर्ग यांनी व्हिएतनाम युद्धासंबंधीचे गोपनीय दस्तऐवज 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या हाती दिले आणि या वादाला तोंड फुटले. २०१३ साली एडवर्ड स्नोडेन या तरुण तंत्रज्ञाने तेथील राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या टेहळणीचे कागद उघड केले, तेव्हा तो जगभर पसरला. एका पक्षाला अशा माणसात लोकशाहीचा रक्षक दिसतो, तर दुसऱ्याला फितूर. दोन्ही पक्ष हिरिरीने भांडत असले, तरी दोघांच्या भूमिकेत एक समान दोष आहे. गुपित फोडणे ही कृती स्वभावतःच पुण्य किंवा पाप आहे, असे दोघेही गृहीत धरून चालतात.

मराठी भाषेचा विवेक येथे अधिक सूक्ष्म आहे. 'व्हिसलब्लोअर'साठी मराठी वृत्तपत्रांनी 'जागल्या' हा जुना शब्द पुन्हा वापरात आणला. गाव निजले असता जो जागा राहतो आणि धोका दिसताच हाळी देतो, तो जागल्या. रात्रीच्या अंधारात शत्रूला वेशीची वाट दाखवतो, तो घरभेदी. गावाचे मर्म दोघांनाही ठाऊक असते. पहिल्याची हाक गावासाठी असते आणि दुसऱ्याची कुजबुज शत्रूसाठी, एवढाच फरक. परंतु तोच निर्णायक आहे.

विदुराचा आदर्श

महाभारतात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच दिले गेले आहे. पांडवांना वारणावतात जाळून मारण्याचा कट हस्तिनापूरच्या सत्तेचे गुपितच होते. राजसेवेतील विदुराने ते युधिष्ठिराला सांकेतिक भाषेत कळविले आणि पुढे भुयार खणण्यासाठी विश्वासू खनकही पाठविला. दुर्योधनाच्या दृष्टीने हा उघड द्रोह होता. भर सभेत त्याने विदुरावर अन्नाशी बेइमानी केल्याचा आरोपही केला. तथापि विदुर शत्रूच्या छावणीत गेला नाही. तो धृतराष्ट्राच्या सभेतच राहिला आणि कटू सत्य तोंडावर सांगत राहिला. त्याची निष्ठा कुरुकुलाशी आणि धर्माशी होती. दुर्योधनाच्या दुष्कृत्याशी नव्हती.

शासन आणि राष्ट्र यांतील हा भेद ज्याला उमगत नाही, त्याला जागल्या आणि घरभेदी यांतील भेदही उमगणार नाही. सत्तेवरील माणसे आपल्या अब्रूला राष्ट्राची अब्रू म्हणू लागली की भ्रष्टाचाराची संचिका आणि संरक्षणाचा नकाशा यांच्यावर एकच 'गोपनीय' शिक्का बसतो. १९२३ साली ब्रिटिशांनी केलेला शासकीय गुपिते कायदा मुळात परकीय सत्तेच्या रक्षणासाठी होता. स्वतंत्र भारतातही तो कायम राहिला आणि त्याबरोबर ती वृत्तीही.

स्नोडेनची दोन अंगे

या निकषावर स्नोडेनचे प्रकरण तपासले, तर सरळ उत्तर मिळत नाही. अमेरिकी नागरिकांच्या दूरध्वनींच्या नोंदी सरसकट गोळा करण्याचा उद्योग त्याने उघड केला. २०१५ साली तेथील अपिलीय न्यायालयाने तो कायद्याच्या मर्यादेबाहेरचा ठरविला आणि त्याच वर्षी अमेरिकी संसदेला कायदा बदलावा लागला. एवढ्यापुरता तो जागल्या होता. परंतु त्याच गाठोड्यात परदेशांतील हेरगिरीचे तपशीलही होते आणि त्यांचा अमेरिकी नागरिकांच्या हक्कांशी थेट संबंध नव्हता. हाँगकाँगहून निघालेला स्नोडेन पारपत्र रद्द झाल्यामुळे मॉस्कोत अडकला आणि २०२२ साली रशियाचा नागरिक झाला. एल्सबर्ग मात्र स्वतःहून अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाले आणि खटल्याला सामोरे गेले. शासनानेच केलेल्या गैरकृत्यांमुळे १९७३ साली तो खटला रद्द झाला. आपल्या कृतीची किंमत आपल्याच देशाच्या न्यायासनासमोर मोजण्याची तयारी हा दोघांतील मोठा फरक आहे.

भारताच्या दृष्टीने या प्रकरणात एक विलक्षण योगायोग आहे. जुलै २०१३ मध्ये भारत सरकारने स्नोडेनला आश्रय नाकारला. वर्षभरातच त्याच्या कागदांवरून उघड झाले की, २०१० साली टेहळणीस मान्यता मिळालेल्या परदेशी पक्षांच्या यादीत भारतीय जनता पक्षाचेही नाव होते. भारताने अमेरिकी राजनैतिक अधिकाऱ्यास पाचारण करून निषेध नोंदविला. या माहितीचा भारताला लाभ झाला, म्हणून स्नोडेनला वीर म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण भारतीय गुप्तचर संस्थेतील एखादा तंत्रज्ञ असेच गाठोडे घेऊन परदेशी गेला असता, तर त्याचा सत्कार झाला असता काय? कसोटी एकच असावी. आपल्यासाठी एक आणि परक्यांसाठी दुसरी, असे होता कामा नये.

सत्येंद्र दुबे यांचे पत्र

भारतातील खरा प्रश्न मात्र वेगळाच आहे. येथे घरभेद्यांना धडा शिकविण्यासाठी कायदे पुष्कळ आहेत. जागल्याला आधार नाही. आयआयटी कानपूरचे अभियंता सत्येंद्र दुबे सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामावर झारखंडमधील कोडरमा येथे होते. मोठे कंत्राटदार कामे लहान ठेकेदारांकडे सोपवितात आणि दर्जाशी तडजोड होते, हे त्यांना दिसले. वृत्तपत्राकडे न जाता नोव्हेंबर २००२ मध्ये त्यांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासह मंत्रालयात आणि प्राधिकरणात फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी पहाटे गया येथे त्यांची गोळी घालून हत्या झाली. ती लुटीच्या प्रयत्नात झाली, असे तपास यंत्रणेचे म्हणणे होते. २०१० साली तिघांना जन्मठेप झाली.

पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी होते आणि तो प्रकल्प देशाचे भूषण होता. म्हणूनच या घटनेकडे डोळेझाक करणे राष्ट्रवाद्यांना अधिकच अशोभनीय ठरेल. ज्याने विदुराप्रमाणे आपल्याच राज्यकर्त्याच्या कानी सत्य घातले, त्याचे नाव कार्यालयीन शिरस्त्याने उघडे केले. यात वैरभाव नसेल, बेफिकिरी होती. पण बेफिकिरीनेही माणूस एकटा पडतो.

त्यानंतर एप्रिल २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी स्वीकारण्याचा अधिकार देणारा ठराव निघाला. २०१४ साली संसदेने जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. मात्र दहा वर्षे उलटली तरी तो लागू करणारी अधिसूचना निघाली नाही. गोपनीयतेच्या नावाखाली त्यातील संरक्षण कमी करणारे २०१५ चे दुरुस्ती विधेयक लोकसभेत संमत झाले आणि २०१९ मध्ये लोकसभेबरोबर व्यपगत झाले. अशा कायद्याने सूडबुद्धीच्या तक्रारींचा पूर येईल आणि प्रामाणिक अधिकारी निर्णय घेण्यास कचरतील, हा आक्षेप गैरलागू नाही. परंतु निनावी तक्रार स्वीकारू नये आणि जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा व्हावी, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. सुरक्षेशी निगडित गोष्टींसाठी वेगळी, काटेकोर व्यवस्था करता येईल. त्यासाठी सारा कायदाच शीतपेटीत ठेवण्याचे कारण नाही.

ज्या राज्यात घरातील तक्रार ऐकणारा कान नसतो, तेथील तक्रार कधी ना कधी वेशीबाहेर जाते आणि मग शत्रूही ती ऐकतो. राष्ट्राच्या सुरक्षेची खरी चिंता असणाऱ्यांनी म्हणूनच या कायद्याच्या अंमलबजावणीचा आग्रह सर्वांत आधी धरला पाहिजे. रात्री हाळी देणाऱ्याचाच गळा आवळला जात असेल, तर त्या गावात पुढच्या वेळी पहाऱ्याला उभे राहण्यास कोणी धजावणार नाही.