गेटचा दांडा कुणाकडे?

पाण्याची पाळी (साप्ताहिक स्तंभ)

पावसाळ्यात गोसेखुर्द धरणाचं नाव रोज बातम्यांत असतं. 33 पैकी आज किती दरवाजे उघडले, किती उंच उघडले, वैनगंगेत किती क्युसेक सुटलं, हे ऐकूनच खालची गावं रात्री झोपतात. ऑक्टोबर उजाडला की ही मोजदाद थांबते. धान गर्भावर असतो, भारी धानाला एक पाणी कमी पडलेलं असतं, आणि ते पाणी ज्या दीड हात रुंद गेटातून यायचं, त्याची कुणी बातमी करत नाही.

असं एक गेट मागच्या हंगामात पाहिलं. भंडारा जिल्ह्यातलाच कालवा, नाव सांगत नाही. गेटचा दांडा गायब होता आणि एक शेतकरी पाईप-पान्याने स्क्रू फिरवत होता. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेजपट्टीवरचे आकडे पुसलेले. चौकीदार बाजूला उभा. त्याच्याकडे तीन माणसांचं काम. मी विचारलं तर म्हणाला, ‘साहेब फोनवर सांगतात, दोन आटे उघड. मी दोन आटे उघडतो जी. पण वरून पाणीच उतरलं तर दोन आट्यांनं काय होते?’

कालवा हाताने चालवण्याची सगळी अडचण त्याने या एका वाक्यात सांगितली.

मोठ्या कालव्यात पाणी अडवून मायनरला, म्हणजे लहान उपकालव्याला, देण्यासाठी क्रॉस रेग्युलेटर असतो. बहुतेक ठिकाणी तो खालून पाणी सोडणारा लोखंडी दरवाजा. अशा दरवाजाचा स्वभाव असा की त्याच्या पुढच्या-मागच्या पातळीत अर्ध्या मीटरचा फरक असताना वरून पाचव्या हिश्शाने जास्त पाणी आलं, तर ते खालून जायला तो फरक 72 सेंटिमीटर व्हावा लागतो. म्हणजे वरची पातळी 22 सेंटिमीटरने चढते. शेजारच्या मायनरचं गेट कुणी हात न लावता जास्त पाणी ओढू लागतं. पाणी घटलं की उलटं. चौकीदार दिवसभर धावला तरी एक गेट सारखं करेपर्यंत दुसरं बिघडतं.

आता तिथे दरवाजाच्या बाजूंनी पाणी माथ्यावरून सांडू देणारी लांब भिंत घाला. कालव्याची रुंदी कमी पडते म्हणून ती नागमोडी किंवा बदकाच्या चोचीसारखी टोकदार बांधतात. फ्रेंचांच्या काळात उत्तर आफ्रिकेतल्या कालव्यांवर अशा भिंती घातल्या गेल्या. माथ्यावरून 20 सेंटिमीटर जाडीचं पाणी सांडत असेल, तर पाचवा हिस्सा जास्त पाणी आलं तरी पातळी जेमतेम अडीच सेंटिमीटर चढते. मायनरला ते जाणवतही नाही. ना मोटर, ना सेन्सर. चुना-विटांच्या काळातही हे जमलं असतं.

मला स्वतःला यातली एक गोष्ट बराच काळ कळली नव्हती. पातळी स्थिर झाली की चढउतार नाहीसा होत नाही, तो पुढे सरकतो. वरच्या मायनरला ठरल्याइतकं मिळतं आणि पाण्याची सगळी तूट कालव्याच्या शेवटच्या गावावर जाऊन पडते. म्हणजे आधीच जे रडतात, त्यांनाच आणखी रडवायचं. म्हणून अशा कालव्याच्या शेवटाला साठा लागतो. तो इतर जिल्ह्यांनी नव्याने खोदावा. भंडाऱ्याला तो कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधून ठेवला आहे. मालगुजारी तलाव, आपले मामा तलाव. जिथे उतार जमतो तिथे मायनरचं शेपूट तलावात सोडा. रात्री जास्त आलेलं पाणी नाल्यात जाण्याऐवजी तलावात थांबेल आणि कालव्यात कमी पडेल तेव्हा तलावाचं तोंड उघडेल. ‘तलावांचा जिल्हा’ हे बिरूद सत्काराच्या भाषणापुरतं ठेवायचं नसेल तर हे काम आधी घ्यायला हवं.

वेळेचा हिशेबही कुणी मांडत नाही. गोसेखुर्दचा उजवा कालवा 99 किलोमीटरचा. पाणी सेकंदाला एक मीटर धावलं तरी टोकाला पोचायला साडेसत्तावीस तास. आज सकाळी फोन केला तर उद्या दुपारी पाणी. मधल्या वेळात खाली पाऊस पडला, तर वाटेतलं पाणी परत बोलावता येत नाही. मग कालवा सल्लागार समितीत आवर्तनाची तारीख ठरते तेव्हा कुठल्या गेटला कोणत्या दिवशी, किती वाजता पाणी पोचेल, हे का ठरत नाही? डाव्या कालव्याच्या 23 किलोमीटरवर हा प्रयोग आधी करून पाहता येईल.

चोरी होते हे खरं. पण रात्री गेट उघडणारा शेतकरी मला फारसा दोषी वाटत नाही. पुढचं पाणी कधी येईल हे ज्याला माहीत नाही, तो आपली बांधी धुऱ्यापर्यंत भरून ठेवणारच. आपल्याकडे पाणी बांधीतून बांधीत उतरतं, शेतचाऱ्या नावापुरत्या. त्यामुळे वरच्याने भरून ठेवलं की खालच्याची रोवणी अडते, आणि पुढे भांडण धुऱ्यावरून तालुक्याला जातं.

नाशिककडच्या वाघाड प्रकल्पाचं उदाहरण सगळे देतात. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तिथे पाणी वापर संस्था उभ्या केल्या, पाणी मोजून घेतलं. ते मोठंच काम. पण तिथे द्राक्षं आहेत, इथे धान. द्राक्षवाला मोजून पाणी घ्यायला तयार होतो, धानवाल्याला बांधीत पाणी उभं दिसायला हवं. शेतकऱ्यांनी सिंचन चालवण्याच्या 2005 च्या कायद्याने संस्थेला घनमापनाने पाणी द्यायचं ठरवलं, पण मायनरच्या तोंडाशी मोजायची पट्टीच वाचता येत नसेल तर घनमापन कागदावरच राहणार. आता बंद पाईपच्या वितरणाची भर पडली आहे. पाईपला व्हॉल्व्ह असतो आणि तोही कुणाला तरी फिरवावा लागतो, म्हणून हा प्रश्न जमिनीखाली गाडला जाणार नाही.

संगणकावर चालणाऱ्या गेटांना माझा विरोध नाही. पण ज्या कालव्यावर चौकीदाराला ‘दोन आटे’ सांगितलं जातं, तिथे संगणकही दोन आटेच फिरवेल. चौकीदाराला आटे सांगू नका, पातळी सांगा. ‘गेजवर इतकं राख’ एवढं सांगितलं तर तो राखेल. सकाळ-संध्याकाळ वहीत लिहील. मग खालच्या गावाला जाब विचारायला काही तरी हाताशी राहील.

उन्हाळी धानाचं आवर्तन सुटण्याआधी एवढं करा. प्रत्येक मायनरची गेजपट्टी रंगवून घ्या आणि गेटचा दांडा पाणी वापर संस्थेच्या ताब्यात द्या. संस्था नसेल तिथे ग्रामपंचायतीच्या. रंगाच्या एका डब्यात बऱ्याच पट्ट्या होतात.

— पाटकरी