पाटाच्या कडेने एकदा पायी चला



मध्यंतरी अलिबागच्या खारेपाटात पाहुण्यांकडे जाणे झाले. खाडीच्या बांधावरून मैलभर चाललो. वाट सपाट, एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. पाहुणे चालताना खेकड्यांची बिळं हेरत होते. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं, मग वर्षानुवर्षं भात नाही. १९४८ साली खारजमिनीचा कायदा झाला, तरी नजर शेतकऱ्यालाच ठेवावी लागते.

आपल्या नीरा डाव्या कालव्यालाही १८८५ पासून अशीच सपाट वाट आहे. आपण मात्र तिच्यावरून फटफटीवर भुर्रकन जातो. भराव कुठे पाझरतो, कोणी फोडून पाइप घातला, काही दिसत नाही. तिकडे खांड पडली तर सगळ्यांचं बुडतं, म्हणून सगळे बघतात. इकडे एकट्या टेलवाल्याचा ऊस वाळतो, म्हणून कोणी बघत नाही!

दर आवर्तनाआधी हेडच्या व टेलच्या सभासदांनी मिळून आपापली चारी पायी चालावी, अशी नम्र सूचना आहे. गाळपाला ऊस दोघांचाही लागतो.

— एक सभासद