विश्लेषण : अंदमानला जायचं तर नेमकं कधी? दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी का ठरते अडचणीची?

दरवर्षी मे महिन्यात एक बातमी प्रत्येक मराठी वर्तमानपत्रात झळकते : ‘मान्सून अंदमानात दाखल’. उकाड्याने हैराण झालेल्या महाराष्ट्राला ती वाचून हायसं वाटतं. पण ज्यांनी त्याच आठवड्याचं अंदमानचं बुकिंग केलेलं असतं, त्यांच्यासाठी ती सहलीचा हंगाम संपल्याची बातमी असते. वर्षभर पैसे साठवून चौघांच्या कुटुंबाने केलेली ही सहल दोन दिवस बोटी बंद राहिल्या तरी कोलमडू शकते. त्यामुळे ‘कोणता महिना चांगला?’ या प्रश्नाचं उत्तर जरा नीट समजून घ्यायला हवं.

तापमान वर्षभर सारखंच, मग फरक कशाने पडतो?

अंदमानची राजधानी श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेअकरा अंशांवर आहे. इथे महाबळेश्वरसारखी थंडी नाही आणि विदर्भासारखा उन्हाळाही नाही. बारा महिने पारा साधारण २३ ते ३२ अंशांच्या दरम्यान असतो. म्हणून मोबाइलवर तापमान पाहून महिना निवडण्यात अर्थ नाही.

फरक पडतो तो पाऊस, वारा आणि लाटांनी. राधानगर किनारा ज्या बेटावर आहे ते स्वराज द्वीप (हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (नील) इथे जायला रस्ता नाही, बोटच आहे. समुद्र खवळला की बोटी थांबतात. त्यामुळे ‘पाऊस कधी नसतो?’ यापेक्षा ‘बोटी नेमाने कधी सुटतात?’ हा प्रश्न महत्त्वाचा.

तिथे पाऊस किती आणि कधी?

वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. मुंबईहून जास्तच. पण मुंबईचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत उरकतो, अंदमानचा मात्र सात-आठ महिने चालतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मान्सून असतो आणि या काळात दर महिन्याला सरासरी तीनशे मिमीहून जास्त पाऊस पडतो. त्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मान्सूनचा असतो, जो तमिळनाडूलाही पाऊस देतो. सर्वात कोरडे महिने जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च.

आपली गफलत नेमकी इथे होते. ऑक्टोबर संपता संपता महाराष्ट्रातला पाऊस गेलेला असतो, म्हणून तो अंदमानातूनही गेला असं आपण गृहीत धरतो.

दिवाळीच्या सुट्टीत धोका काय?

बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात : एक मान्सूनपूर्व, मुख्यतः एप्रिल-मे, आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. दुसऱ्या हंगामात अंदमानच्या आसपासच्या समुद्रात कमी दाबाची क्षेत्रं वारंवार तयार होतात. वादळ थेट बेटांवर आलं नाही तरी समुद्र खवळायला ती पुरेशी असतात.

डिसेंबर २०१६ चं उदाहरण पाहा. अशाच एका कमी दाबाच्या प्रणालीमुळे बोटी बंद झाल्या आणि हॅवलॉक व नील बेटांवर सुमारे १,४०० पर्यटक अडकले. त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. तीच प्रणाली पुढे ‘वरदा’ चक्रीवादळ होऊन १२ डिसेंबरला चेन्नईजवळ धडकली आणि चेन्नईचं विमानतळही बंद ठेवावं लागलं. महाराष्ट्रातून अंदमानला जाणारे बरेच प्रवासी चेन्नईत विमान बदलतात. म्हणजे एकाच वादळाने आधी बोट अडवली आणि मग विमान.

प्रत्येक दिवाळीत असं होत नाही. नोव्हेंबरात लख्ख ऊन मिळालेले लोकही भरपूर भेटतील. पण अभियांत्रिकीत एक साधी गोष्ट शिकवतात : पूल सरासरी वजनासाठी बांधत नाहीत, जास्तीत जास्त वजनासाठी बांधतात. सहलीचंही तसंच आहे. सरासरी दिवस कसा असेल हे पाहून तिकीट काढा, पण कार्यक्रम आखताना वाईट दिवस धरून चाला.

आणि मे महिन्याच्या सुट्टीत?

मान्सून साधारणपणे मेच्या तिसऱ्या आठवड्यात अंदमान परिसरात पोहोचतो. पण ही तारीख दरवर्षी पुढेमागे होते. २०२५ मध्ये तो १३ मे रोजीच निकोबार आणि दक्षिण अंदमान समुद्राच्या काही भागांत दाखल झाला होता. त्यामुळे ‘वीस तारखेपर्यंत काही होत नाही’ हा हिशेब धोक्याचा. शाळेच्या सुट्टीतच जायचं असेल तर एप्रिलचा शेवटचा किंवा मेचा पहिला आठवडा त्यातल्या त्यात बरा.

मात्र या दिवसांत दमटपणा फार असतो आणि आणखी एक बाजू असते, जी जाहिरातीत दिसत नाही. श्री विजयपुरमला पाणी मुख्यतः धनीखाडी धरणातून मिळतं. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याचा साठा खालावतो आणि स्थानिकांच्या नळाला दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा पाणी येण्याची वेळ येते. त्या दिवसांत हॉटेलच्या खोलीत पाणी जपून वापरणं हे पाहुण्याचं किमान कर्तव्य आहे.

मग उत्तम काळ कोणता?

जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. त्यातही फेब्रुवारी आणि मार्च. समुद्र शांत, पाणी नितळ, प्रवाळ पाहण्यासाठी स्नॉर्केलिंग किंवा स्कूबा करायला हा काळ सर्वात चांगला. नाताळ ते नववर्षाच्या गर्दीनंतर खोल्या आणि विमान भाडं तुलनेने आवाक्यात येतात. दहावी-बारावीच्या परीक्षा घरात नसतील किंवा निवृत्त आई-वडिलांना पाठवायचं असेल, तर दुसरा विचार करायची गरज नाही. समुद्री कासवं पाहायची असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारीत डिगलीपूरजवळच्या कालीपूर किनाऱ्यावर ती अंडी घालायला येतात. मात्र हे ठिकाण राजधानीपासून रस्त्याने सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे.

अर्थात, चांगला महिना ही हमी नव्हे. जानेवारी २०१९ मध्ये थायलंड ओलांडून ‘पाबुक’ वादळ अंदमान समुद्रात आलं आणि ऐन हंगामात बेटांवर इशारा द्यावा लागला. २६ जानेवारी २०१४ रोजी तर क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली पर्यटक बोट उलटून वीसहून अधिक जणांचा जीव गेला. म्हणून महिना कोणताही असो, लाइफ जॅकेट आणि बोटीतली माणसं मोजायला विसरू नये.

पावसाळ्यात जाऊच नये का?

तुम्ही कशासाठी जाताय त्यावर ते अवलंबून आहे. अनेक मराठी कुटुंबांसाठी अंदमान म्हणजे आधी सेल्युलर जेल आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी. तिथे जायला बोट लागत नाही. संग्रहालयं आणि चिडियाटापूही रस्त्याने गाठता येतात. जून ते सप्टेंबर गर्दी आणि दर दोन्ही कमी असतात. पण नितळ पाणी आणि ठरल्या वेळी सुटणाऱ्या बोटी यांची अपेक्षा ठेवू नये.

सुट्टीच्या तारखा हातात नसतील तर?

बहुतेकांच्या नसतातच. अशा वेळी महिना बदलता आला नाही तरी कार्यक्रमाचा क्रम बदलता येतो.

• पोहोचल्यावर आधी दूरची बेटं करा. परतीच्या विमानाआधीची किमान एक रात्र श्री विजयपुरममध्येच काढा.

• बोट आणि परतीचं विमान एकाच दिवशी ठेवू नका.

• पाच दिवसांची सहल असेल तर एक दिवस मोकळा सोडा. बोट चुकली नाही तर तो दिवस जेल आणि बाजारासाठी आहेच.

• निघण्याच्या आठवड्यात हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा रोज पाहा. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असं सांगितलं असेल, तर तुमच्या बोटीचंही खरं नाही.

• दिवस लवकर सुरू करा. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं, पण सूर्य बराच पूर्वेकडचा. त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो.

जबाबदारी कोणाची?

‘अंदमान : वर्षभर कधीही’ अशा जाहिराती सर्रास दिसतात. वर्षभर जाता येतं हे खरं, पण प्रत्येक महिन्यात तीच सहल मिळत नाही आणि हे ग्राहकाला आधी सांगणं विक्रेत्याचं काम आहे. बोट रद्द झाली तर जादा रात्रीचं भाडं कोण देणार, विमानाची तारीख बदलण्याचा खर्च कोणाचा, पैसे परत किती, या तीन प्रश्नांची उत्तरं पैसे भरण्यापूर्वी लेखी मागा. उत्तर टाळलं गेलं, तर दुसरा पर्याय शोधा.

आपलीही एक जबाबदारी आहे. हवा बिघडल्यावर बोट रद्द करणारा कप्तान आपली सहल बुडवत नसतो, आपला जीव वाचवत असतो. जेट्टीवर त्याच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा घरातून निघतानाच कार्यक्रमात एक दिवस जास्तीचा धरलेला बरा.