रायफलीला पॉलिश नको, मग इतिहासाला का?

बंदुकीवर लेख लिहायचा म्हटलं की माझ्या नावाच्या माणसाला दोनदा विचार करावा लागतो. एका मित्राला विषय सांगितला, तर तो लगेच म्हणाला, "कशाला नसती आफत ओढवून घेतोस?" त्याचा सल्ला काळजीपोटी होता, हे मला कळतं. पण गेल्या हिवाळ्यात अमेरिकेत जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही. जुन्या वस्तू आपण कशा जपतो आणि त्यांच्याबद्दल काय सांगतो, असा तो मसला आहे. म्हणून लिहितोय.

माझा मामेभाऊ पेनसिल्व्हेनियात राहतो. नोव्हेंबरच्या अखेरीस मी त्याच्याकडे होतो. त्या भागात हरणाच्या शिकारीचा हंगाम म्हणजे जवळपास सणच. पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हंगाम सुरू व्हायचा आणि कित्येक शाळांना त्या दिवशी सुट्टी असायची. २०१९पासून तो शनिवारी सुरू होतो. भावाच्या शेजारी एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ राहतात, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना जुन्या शिकारी रायफली जमवण्याचा शौक. भारतातून पाहुणा आलाय आणि तो लेख लिहितो, एवढं कळताच त्यांनी आम्हाला कॉफीला बोलावलं. सोबत हरणाचं सुकवलेलं मांस ठेवलं. भावाने जबीहाचा प्रश्न सांगून नम्रपणे नाही म्हटलं, तर म्हातारा हसून म्हणाला, "मग पुढच्या वर्षी तूच चल माझ्याबरोबर."

तळघरात कुलपाचं लोखंडी कपाट होतं. त्यांनी पहिली रायफल काढली, ती रिकामी असल्याची स्वतः खात्री केली, मला दाखवली आणि मगच हातात दिली. विंचेस्टर कंपनीची १८९४ची रायफल. जॉन ब्राउनिंग या युटामधल्या कारागिराने तिची रचना केली. पुढे सत्तर लाखांहून अधिक नग बनले. चापाभोवतीचा लिव्हर खाली ओढून परत वर घेतला की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत येतं. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. म्हणून तिच्यासाठी चपट्या तोंडाच्या गोळ्या बनवत. टोकदार गोळी असेल, तर तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या टिकलीवर टेकणार आणि धक्क्याने आतल्या आत बार उडण्याची भीती.

ही रायफल त्यांच्या वडिलांची. पोलादावरचा निळसर काळा रंग बऱ्याच जागी शाबूत होता, पण मधोमध, खालच्या बाजूला, तो पार उडून धातू चांदीसारखा पांढरा पडला होता. "इथेच तिचं वजन तोललं जातं," ते म्हणाले, "बाबा एका हातात धरून चालायचे ती हीच जागा." चाळीस हिवाळे एका माणसाचा तळहात तिथे घासला गेला होता.

मी सहज विचारलं, "पुन्हा रंग का देत नाही?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आजोबांच्या फोटोवर मिशा काढायला सांगितल्या. मग त्यांनी समजावलं. या शौकिनांचा पहिला नियम म्हणजे जुन्या रायफलीला पॉलिश करायचं नाही. घासून नवा रंग चढवला की कडांची धार जाते, कारखान्याचे शिक्के पुसट होतात आणि दर्दी माणसाच्या लेखी तिची किंमत कोसळते. अक्रोडाच्या दस्त्यावरचे ओरखडेसुद्धा तसेच ठेवायचे. गंमत म्हणजे तो निळसर काळा रंग तरी काय असतो? पोलादावर मुद्दाम गंज आणायचा, पाण्यात उकळून तो काळा करायचा, घासायचा आणि हे पुन्हा पुन्हा करायचं, ही त्याची एक जुनी रीत.

मग दुसरी रायफल निघाली. सॅव्हेज कंपनीची मॉडेल ९९. तिचा जनक आर्थर सॅव्हेज जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जन्मलेला. त्याने काडतुसं एका फिरत्या चक्राभोवती बसवली, त्यामुळे टोकदार गोळीची अडचण मिटली. डाव्या बाजूला बारीकशी खिडकी, आत किती काडतुसं उरली तो आकडा तिथे दिसतो. शंभर वर्षांपूर्वीचं हे काम पाहून मी खरंच थक्क झालो. त्यांनी 'चौसष्टच्या आधीची' हा शब्दही शिकवला. १९६४मध्ये विंचेस्टरने खर्च वाचवण्यासाठी सुटे भाग बनवण्याची पद्धत बदलली. कोरून काढलेल्या भागांच्या जागी दाबून बनवलेले भाग आले. आजही जुन्या विंचेस्टरचा भाव ठरतो तो या वर्षाच्या अलीकडची की पलीकडची यावर. न्यू हेवनमधला तो कारखाना २००६मध्ये बंद पडला. त्यांच्या बोलण्यात हळहळ होती. ती एका कामगाराची हळहळ होती, आणि ती मला पटली.

या मंडळींची शिस्तही पाहण्यासारखी. वायोमिंगमधल्या कोडी गावात बंदुकांचं मोठं संग्रहालय आहे. विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या तिथे आहेत. क्रमांक कळवला की, नोंद शिल्लक असेल तर, रायफल कोणत्या दिवशी गोदामातून निघाली, नळी कशी होती, दस्ता कसला होता, हे पत्राने कळतं. हातातली रायफल आणि पत्र जुळलं नाही, तर कुणीतरी छेडछाड केलीय असं समजायचं. अस्सल काय आणि बनावट काय, यावर ही माणसं तासन्‌तास वाद घालतात. पुराव्याशिवाय शब्द मान्य नाही.

आणि मग माझं लक्ष भिंतीकडे गेलं. कपाटावर एक पोस्टर होतं. १८७३च्या विंचेस्टरचं चित्र आणि खाली 'पश्चिम जिंकणारी बंदूक' या अर्थाची ओळ. कंपनीच्या जाहिरातीतलीच ती प्रसिद्ध घोषणा. मी विचारलं, "जिंकली, पण कुणाकडून?"

ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोस्टर बायकोने वाढदिवसाला दिलंय." विषय तिथेच संपला. पाहुणा म्हणून मीही पुढे रेटला नाही.

माझा मुद्दा इथेच सुरू होतो. वडिलांच्या तळहाताने उडालेला रंग जो माणूस जिवापाड जपतो, तोच माणूस त्या रायफलीच्या इतिहासाला मात्र खुशाल पॉलिश करतो. हा दोष त्या एका म्हाताऱ्याचा नाही. कॅटलॉग, माहितीपट, प्रदर्शनं, सगळीकडे हीच चमक आढळते. ती घोषणा ऐकली की वाटतं, पश्चिमेला मोकळं माळरान होतं आणि एका बंदुकीने ते वसवलं. तिथे लाकोटा, शायेन, अपाची आणि कितीतरी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. जून १८७६मध्ये मोंटानातल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरच्या घोडदळाकडे एका वेळी एकच गोळी भरता येणाऱ्या बंदुका होत्या, तर समोरच्या मूळनिवासी योद्ध्यांपैकी अनेकांकडे हेन्री आणि विंचेस्टर रायफली. १९८३च्या वणव्यात तिथलं गवत जळालं, पुढच्या वर्षी उत्खनन झालं आणि मातीतून निघालेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांनी हे दाखवून दिलं. म्हणजे ही बंदूक दोन्ही बाजूंच्या हातांत होती. घोषणेत एकच हात उरला. त्यात सॅव्हेज कंपनीच्या बोधचिन्हावर चेहरा आहे तो पिसांचा मुकुट घातलेल्या मूळनिवासी सरदाराचा!

गव्यांची कहाणी तर याहून कडू. अमेरिकी गवा, ज्याला बायसन म्हणतात, तो एकेकाळी कोट्यवधींच्या संख्येने होता. १८७०च्या दशकात कातड्याचे व्यापारी आणि शार्प्ससारख्या लांब पल्ल्याच्या रायफली एकत्र आल्या. कातडं सोलायचं आणि देह कुजायला सोडायचा. दहा-पंधरा वर्षांत रानात जेमतेम काही शे जनावरं उरली. ज्यांचं अन्न, वस्त्र, निवारा त्या जनावरावर होतं, त्यांना वश करणं त्यामुळे सोपं झालं. शार्प्स रायफलीचं कौतुक करताना तिच्या नेमाच्या अंतराबरोबर ही गोष्टही सांगितली पाहिजे.

न्यायाने बोलायचं तर पुढची गोष्टही सांगायला हवी, कारण अर्धी गोष्ट सांगण्याचा दोष माझ्याकडूनही होऊ शकतो. याच शिकाऱ्यांमधून संरक्षणाची चळवळ उभी राहिली. १९००च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालणारा व्यापार रोखला. १९३७च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. रायफलींवर तो आज ११ टक्के आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही लाखांवर आलेलं पांढऱ्या शेपटीचं हरीण आज कोटींत आहे. शेजारच्या म्हाताऱ्याने विकत घेतलेल्या प्रत्येक काडतुसाचा त्यात वाटा आहे.

आणि आजची गोष्ट? अमेरिकी कायद्यात १८९८पर्यंत बनलेली बंदूक 'पुरातन' समजली जाते, केंद्रीय कायद्याच्या बऱ्याच अटी तिला लागू नाहीत. पन्नास वर्षांहून जुन्या बंदुकांसाठी संग्राहकांचा वेगळा परवाना आहे. त्यामुळे संग्राहक म्हणतात, "बातम्यांतल्या बंदुका वेगळ्या, आमच्या वेगळ्या." काही अंशी खरं आहे. पण त्या देशात २०२१ ते २०२३ या तिन्ही वर्षांत दरवर्षी ४५ हजारांहून जास्त माणसं बंदुकीने मेली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. एकट्या, खचलेल्या माणसासाठी आजोबांची रायफलही भरलेलीच असू शकते. म्हणूनच मला त्या म्हाताऱ्याच्या रायफलींइतकंच त्यांचं कुलूप आवडलं.

जुनी वस्तू कशी जपावी याचा मला भावलेला नमुना नेवाडातला आहे. नोव्हेंबर २०१४मध्ये ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात पुरातत्त्वज्ञांना एका झाडाला टेकवून ठेवलेली विंचेस्टर १८७३ सापडली. लाकूड ऊन-पावसाने राखाडी झालेलं, पोलाद गंजून तांबूस, दस्त्याचं टोक मातीत रुतलेलं. क्रमांकावरून कळलं की ती १८८२ची. कुणी ठेवली, परत का आला नाही, याचा पत्ता नाही. कोडीच्या संग्रहालयाने तिला नवी करण्याचा मोह टाळला. लाकडाचे सुटणारे पापुद्रे थांबवले, बस्स. तिचा गंज तसाच आहे आणि न सुटलेला प्रश्नही.

आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार संपली आणि शस्त्र परवान्याचे नियम असे की हा शौक कुणाला सहज परवडणार नाही. ते बरंच आहे. पण पेंढा भरलेले वाघ आणि भिंतीवरच्या बंदुका आपल्याही राजवाड्यांत आहेतच. वाघावर पाय ठेवून उभे राहिलेल्यांची नावं फोटोंखाली असतात. ढोल बडवत, रान उठवत वाघाला पुढे आणणाऱ्या हाकाऱ्यांची नावं मी तरी कुठे वाचली नाहीत. म्हणजे पॉलिशचा डबा आपल्याही घरात आहे, आणि तो कुठल्या एका जमातीच्या मालकीचा नाही.

म्हणून जुन्या रायफलींच्या शौकिनांना, आणि जुन्या कुठल्याही गोष्टीवर जीव लावणाऱ्या सगळ्यांनाच, माझं एवढंच म्हणणं आहे की नियम तुमचाच आहे, तो पूर्ण पाळा. दस्त्यावरचा ओरखडा जपता, तसा तिच्या कहाणीतलाही जपा. वडिलांचा तळहात आठवताना ती बंदूक ज्यांच्यावर रोखली गेली, त्यांचीही आठवण ठेवा. प्रेम त्याने कमी होत नाही. निघताना त्या म्हाताऱ्याने रायफल फडक्याने पुसून कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. पोस्टर वर तसंच होतं.