वाळलेला नेचा आणि उन्हाळ्यातील पाणी

आसनगाव, शहापूर व मुरबाड या पट्ट्यात पाऊस स्थिरावला की विहिरीच्या कठड्याला, ओढ्याच्या दरडीला, शेताच्या बांधाला आणि जुन्या आंब्याच्या खोडाला नेचे फुटू लागतात. ते कोणी लावलेले नसतात. दिवाळी उलटली की त्यांची पाने पिवळी पडतात आणि पौषापर्यंत तेथे काही होते याची खूणही उरत नाही. रानातील हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. तरीही तोच नेचा कुंडीत वाळला म्हणजे तो मेला असे समजून कुंडी उकिरड्यावर रिकामी केली जाते, किंवा त्याला जगविण्यासाठी रोज पाणी घातले जाते. दुसरा प्रकार पहिल्याहून वाईट होय, कारण त्यात झोपलेले मूळखोड खरोखरच कुजते.

या भागात नेचे लावताना पहिला विचार पाण्याचा झाला पाहिजे. ज्या तालुक्यात तानसा, भातसा यांसारखे जलाशय आहेत आणि ज्याचे पाणी मुंबईला जाते, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी शोभेच्या झाडाला हंड्यातील पाणी घालावे, असे सांगणे शहाणपणाचे नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यासाठी घरोघरचे पाणी पाहून नेचा सुचवावा. बाजारात मिळणारा बोस्टन फर्न दिसावयास डौलदार असतो. परंतु त्याला बारा महिने ओल लागते. हंसराजाला ती लागत नाही. पावसाळ्यात वाढावे आणि उन्हाळ्यात मातीत निजावे, हा त्याचा स्वभावच आहे. पाण्याची ओढ असलेल्या घराने हंसराज लावावा, हे उघड आहे.

हंसराजाची रोपे मिळविण्यासाठी माहुलीच्या डोंगरावर जाण्याचे कारण नाही. तानसा अभयारण्याच्या हद्दीतून झाडे उपटून आणण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे. आणि कायदा बाजूस ठेवला तरी दरडीतून ओढून काढलेल्या नेच्याची बारीक मुळे तुटतात व तो सहसा जगत नाही. स्वतःच्या बांधावरील किंवा विहिरीवरील हंसराज पुरेसा आहे. त्याच्या लांब पानाचा शेंडा जमिनीला टेकला की तेथे मूळ धरतो. श्रावणात असा शेंडा मातीने भरलेल्या करवंटीत वाकवून वर खडा ठेवावा. नवे रोप धरल्यावर मधला दांडा कापावा. मूळ झाडाला यात धक्का लागत नाही.

नेच्याला फूल नाही, बी नाही. पानाच्या पाठीवर किंवा कडेला जे तपकिरी ठिपके दिसतात ती कीड नव्हे. त्यांत बीजाणू असतात. ठिपके पाहून औषध फवारण्याची घाई करू नये. हौस असेल त्याने असे पान कागदात गुंडाळून ठेवावे, खाली पडलेली पूड ओल्या विटेवर शिंपडावी आणि वीट पाण्याच्या थाळीत ठेवून वर काचेचे भांडे पालथे घालावे. काही आठवड्यांनी हिरवा थर दिसतो. रोपे होण्यास मात्र महिने लागतात. धीर नसणाऱ्यांनी या वाटेस जाऊ नये.

कुंडीसाठी कुजलेला पालापाचोळा दोन भाग, माती एक भाग व जाड रेती एक भाग घ्यावी. तळाशी खापऱ्या घालाव्यात. ताजे शेण नको. भाताच्या राबासाठी पाला गोळा करून भाजला जातो, त्यातील दोन टोपल्या खड्ड्यात कुजत ठेवल्या तरी घरच्या कुंड्यांना पुरून उरते. पावसाळ्यात कुंडी पडवीच्या कडेला असावी, पण पागोळीखाली नसावी. पागोळीची धार गाभ्यावरील माती धुऊन नेते आणि गाभा सडतो. थंडीतील कोरड्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात, तेव्हा बोस्टन फर्नसारखा बारमाही नेचा पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीजवळ आत घ्यावा. चुलीचा धूर त्याला सोसत नाही. उन्हाळ्यात त्याला माठाच्या तिवईखालची जागा उत्तम : झिरपणारा ओलावा आपोआप मिळतो. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी चालते, साबणाचे नव्हे. निजलेल्या हंसराजाची कुंडी मात्र सावलीत सोडून द्यावी. महिन्यातून एकदोनदा ओंजळभर पाणी पुरे.

आंब्यावरील नेच्याविषयी एक गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. पायथ्याशी कागदासारखी तपकिरी पाने असलेला बाशिंग हा नेचा अनेकजण बांडगूळ समजून खरवडून काढतात. बांडगूळ फांदीत मुळे घुसवून झाडाचा रस शोषते. ते फांदीसह खालून कापलेच पाहिजे. बाशिंग केवळ सालीवर बसतो, आणि त्या तपकिरी पानांत साचलेल्या पाचोळ्यावर व पावसाच्या पाण्यावर जगतो. आंब्याकडून तो काही घेत नाही. उन्हाळ्यात त्याचीही हिरवी पाने गळतात आणि ती कोरडी बैठक तेवढी राहते. कोयता चालविण्यापूर्वी पान उलटून पाहावे : पाठीवर ठिपक्यांच्या ओळी दिसल्या तर तो नेचा आहे.

विक्रीचा मोह काहींना होईल. आसनगावाहून लोकलने कल्याण, दादर गाठता येते आणि पुष्पगुच्छांत नेच्याची पाने वापरली जातात, हे खरे. परंतु त्यासाठी बोस्टन फर्नच्या जातीचेच नेचे लागतात, आणि त्यांना सावलीचे जाळे व वर्षभर पाणी लागते. ज्याच्या विहिरीला वैशाखातही पाणी असते, त्यानेच दहा-वीस कुंड्यांपासून आरंभ करावा. धावत्या दोऱ्यांवरील रोपे आषाढात वेगळी केली की कुंड्या वाढत जातात. जाळ्यासाठी कर्ज काढणे एक उन्हाळा पार पडेपर्यंत थांबू शकते.